मागून येतोय, जाऊ का?

"हॉर्न ओके प्लीज" वाचत आपण सगळे मोठे झालो. त्यात एक गंमत आहे बघा. मागच्याने हॉर्न वाजवायचा, पण पुढच्याने उत्तर द्यायलाच हवं असं काही नाही. मनात आलं तर हात बाहेर काढून 'जा' म्हणेल, नाहीतर नाही.

जहाजांचं असं नसतं. अरुंद वाटेत पुढच्या जहाजाने बाजूला सरकल्याशिवाय जाता येणार नसेल, तर मागच्याने आधी विचारायचं. दोन लांब भोंगे आणि एक आखूड म्हणजे 'तुझ्या उजवीकडून जाऊ का?' दोन लांब, दोन आखूड म्हणजे डावीकडून. लांब भोंगा 4 ते 6 सेकंदांचा, आखूड साधारण 1 सेकंदाचा. पुढच्याला मान्य असेल तर तो लांब-आखूड-लांब-आखूड वाजवतो आणि वाट देतो. शंका असेल तर किमान पाच आखूड, भराभर. हे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम, लागू झाले 1977 साली.

मला यातलं उत्तर फार आवडतं. कारण उत्तर नसताना काय होतं ते 1911 साली दिसलं होतं.

20 सप्टेंबरला 'ऑलिंपिक' हे अजस्र प्रवासी जहाज (टायटॅनिकची थोरली बहीण) साउदॅम्प्टनहून निघून सोलेंटच्या पाण्यात वळत होतं. कप्तान एडवर्ड स्मिथ. हो, तेच, पुढे टायटॅनिकवर गेलेले. वळताना भोंगेही वाजवले, पण त्या काळी आंतरराष्ट्रीय नियमांतल्या अशा भोंग्यांचा अर्थ एवढाच, की 'मी डावीकडे वळतोय'. ती सूचना होती, प्रश्न नव्हे. उजव्या अंगाला ब्रिटिश आरमाराची 'हॉक' ही क्रूझर त्याच दिशेने चालली होती. दोघं जवळ आली आणि हॉक एकाएकी वळून ऑलिंपिकच्या मागच्या भागात घुसली. दोन कप्पे पाण्याने भरले. नशीब, माणूस एकही गेला नाही.

मग कोर्टात भांडण, कोण कोणाला ओलांडत होतं? आरमाराचं म्हणणं, मोठ्या जहाजाने पाणी ओढलं आणि त्या ओढीने हॉक खेचली गेली. अशी ओढ खरोखरच असते; दोन जहाजं शेजारून जाताना मधलं पाणी वेगाने वाहतं, तिथला दाब उतरतो. कोर्टाने दोष ऑलिंपिकला दिला, आणि अपिलं 1914 पर्यंत चालली.

ऑलिंपिकच्या दुरुस्तीसाठी बेलफास्टचे कामगार गुंतले, म्हणून टायटॅनिकची पहिली सफर 20 मार्चवरून 10 एप्रिल 1912 वर गेली. (इथे 'जर-तर' करत बसायचा मोह होतो. आवरते.)

1972 चा नियम या टकरीतूनच आला असं मी म्हणत नाही, मध्ये साठ वर्षं गेली आहेत. पण ओढ काही नियमाने थांबत नाही. म्हणूनच पुढच्याचा होकार आल्यावरही जबाबदारी सुटत नाही. पूर्ण पुढे निघून जाईपर्यंत दूर राहायचं काम ओलांडणाऱ्याचंच.