प्रेषितांचे स्खलन आणि त्यांची थोरवी

आपल्या आद्य पुरुषांचे दोष झाकून ठेवण्याकडे अनुयायांचा कल सहसा असतो. आद्य ख्रिस्ती मंडळीने मात्र आपल्या दोन अग्रणींच्या अपराधांची नोंद पवित्र ग्रंथांतच जतन केली.

गालीलच्या सरोवरात मासेमारी करणारा शिमोन हा येशूच्या बारा शिष्यांत प्रमुख. येशूने त्याला ‘केफा’ म्हणजे खडक हे नाव दिले. पेत्र हे त्याचेच ग्रीक रूप. परंतु येशूला पकडून नेले त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात एका दासीने हटकताच हा खडक डळमळला. आपण त्या माणसाला ओळखतच नाही, असे त्याने एकदा नव्हे, तीनदा सांगितले. चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग आला आहे.

पौलाचा अपराध याहून घोर. स्तेफनाचा दगडमाराने वध झाला, तेव्हा मारेकऱ्यांची वस्त्रे त्याने राखली होती. दिमिष्काच्या वाटेवर त्याचे मन पालटले. तरीही प्रेषित म्हणवून घेण्यास आपण अपात्र आहो, असे त्याने करिंथकरांना लिहिले. पुढे अंत्युखियात यहुदीतरांच्या पंक्तीला बसणारा पेत्र कर्मठांच्या भीतीने पंक्तीतून उठू लागला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ही हकिकत आहे.

या नोंदींचे मोल पुढे कळले. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियस याने प्रजेला देवतांपुढे बली अर्पण करण्याची आज्ञा केली. प्राणभयाने कित्येक ख्रिस्ती जनांनी बली दिले. कित्येकांनी पैसे चारून तसे दाखले मिळविले. छळ ओसरल्यावर हे लोक मंडळीच्या दाराशी आले. त्यांना परत घ्यावे काय? रोममधील नोव्हेशियनचा त्यास विरोध होता. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः त्या छळात अज्ञातवासात गेला होता, आणि त्याबद्दल त्याला बोलही लागला होता. त्याच्या नेतृत्वाखाली २५१ च्या परिषदेने दाखले घेणाऱ्यांना चौकशीअंती प्रवेश दिला. बली देणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्त सांगितले. ज्या मंडळीचा पहिला पुढारीच नाकारून परतला होता, तिने परतणाऱ्यांना दार कायमचे लावणे कठीणच होते. २५८ मध्ये सिप्रियनने पळ न काढता मृत्यू पत्करला.

पेत्र व पौल हे दोघेही नीरोच्या कारकिर्दीत रोममध्ये हुतात्मे झाले, असे परंपरा सांगते. अंत्युखियात एकमेकांसमोर उभे ठाकलेल्या या दोघांचा सण २९ जून या एकाच दिवशी पाळला जातो.