वाचनाची नगावर मजुरी

१८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या संहितेने प्राथमिक शाळांचे अनुदान परीक्षेला बांधले. इन्स्पेक्टरने परीक्षा घ्यावयाची. वाचन, लेखन व गणित यांत सहा वर्षांवरील मूल उतरले, की दर विषयामागे शाळेला २ शिलिंग ८ पेन्स. गिरणीत नगावर मजुरी, तशी ही अक्षरांवर! मग कित्येक मास्तर वर्षभर एकच पुस्तक घोकून घेत. पुस्तक उलटे धरूनही पोरे धडा घडाघडा म्हणत. स्वतः इन्स्पेक्टर असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. तरी ती पुरती जावयास १८९० नंतरची वर्षे उजाडली. नग मोजता येतात, समज नव्हे. घोकलेल्या वाचनाने मजुराला करारनामा उमगत नाही. तो नुसती सही करतो.