गाण्याच्या शेपटातलं नाव

संगणकावरचं गाण्यांचं जुनं फोल्डर उघडलं की अनेकांना ओळीनं 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' आणि 'अननोन आर्टिस्ट' असं दिसतं. गाणं वाजतं, पण गाणाऱ्याचा पत्ता नाही. हे टॅग दुरुस्त करणं रविवारच्या फावल्या वेळातलं काम वाटेल. पण त्यामागे शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. तो आज आपण थोडक्यात पाहू.

सुरुवात कलकत्त्यापासून करू. नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्ग यांनी गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. रेकॉर्ड छापून व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना ना भाषा ठाऊक, ना आवाज. लेबलाचा घोळ होऊ नये म्हणून गाणं संपता संपता बाई स्वतःच इंग्रजीत आपलं नाव सांगत. म्हणजे बघा, नाव गाण्याच्या आतच, अगदी शेवटी.

पण लेबलावर काय छापायचं हे गाणाऱ्याच्या हातात नसे. 'महल' (१९४९) या चित्रपटातलं 'आएगा आनेवाला' लता मंगेशकरांनी गायलं. रेकॉर्डवर मात्र गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव!

१९८२मध्ये सीडी बाजारात आली. तिच्या मूळ रचनेत गाणी किती आणि प्रत्येक किती वेळाचं, एवढंच नोंदलेलं असे. नावं होती ती सोबतच्या छापील कागदावर. मग १९९०च्या दशकात गाण्यांच्या लांबीवरून सीडी ओळखणारी 'सीडीडीबी' ही नोंदवही इंटरनेटवर आली. तिच्यातली नावं जगभरच्या श्रोत्यांनी हातानं टाइप केली होती. पुढे ती व्यावसायिक मालकीची झाली आणि लोकांनी फुकट केलेल्या कष्टांवर हक्क कुणाचा, हा वाद पेटला. 'म्युझिकब्रेन्झ'सारखी खुली नोंदवही त्यातूनच पुढे आली.

दरम्यान एमपीथ्री फाइली पसरल्या होत्या. त्यांच्यात नावासाठी जागाच नव्हती. १९९६मध्ये एरिक केम्प यांनी फाइलीच्या शेवटी १२८ बाइटचं एक शेपूट जोडलं. त्यालाच आपण आयडी-थ्री टॅग म्हणतो. गौहर जान यांची आठवण होते ना? इथेही नाव शेवटीच.

त्या शेपटात गाण्याचं नाव, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट मिळाले. मांडणी रोमन अक्षरांच्या हिशेबानं केलेली. आजच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी वेलांटीसुद्धा, तीन बाइट घेतं. 'भीमसेन जोशी' लिहायला ३१ बाइट लागतात. म्हणजे शेवटची वेलांटी तुटणार! संगीतप्रकारांच्या मूळ यादीत ८० नावं होती. त्यात पोल्का होता; ख्याल, लावणी, नाट्यगीत नव्हतं.

१९९८मध्ये टॅगची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात युनिकोड आलं, संगीतकार आणि गीतकार यांना स्वतंत्र रकाने मिळाले. पण रकाना असला म्हणून तो कुणी भरतोच असं नाही.

'गीतरामायण'चंच उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५पासून ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झालं. गीतं ५६, काव्य ग. दि. माडगूळकरांचं, संगीत सुधीर फडक्यांचं. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे अनेक आवाज होते. नंतर बाबूजींनी सगळी गीतं स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली, आणि घरोघरी पोचली ती हीच. आता मूळ प्रसारणातली एखादी फाइल हाती आली आणि आपण 'आर्टिस्ट'मध्ये सवयीनं 'सुधीर फडके' लिहून टाकलं, तर माणिकबाईंचा आवाज राहील, पण नाव पुसलं जाईल. ती फाइल दहा जणांकडे गेली की चूक दहा ठिकाणी रुजते.

म्हणून टॅग दुरुस्त करताना आपण चार गोष्टी पाळू या. आधी सगळ्या फाइलींची एक प्रत वेगळी ठेवायची. गायक, संगीतकार, गीतकार आपापल्या रकान्यात लिहायचे. राग आणि तालाला नेहमीच्या रकान्यांत जागा नाही. ते 'कॉमेंट'मध्ये लिहिले तर सगळीकडे तिथेच लिहायचे. आणि साल लिहिताना सीडी निघाली ते नको, गाणं गायलं गेलं ते घ्यायचं. सॉफ्टवेअर नाव सुचवेल, पण आधी कानांनी ऐकायचं, हाताशी कव्हर असेल तर ते वाचायचं. एवढं करूनही खात्री नसेल तर रकाना रिकामा सोडायचा. रिकामा रकाना उद्या कुणीतरी जाणकार भरेल. चुकीचं नाव मात्र एकदा भरलेलं दिसलं की ते तपासायला कुणी जात नाही.