औंधच्या राजाचे रोजचे नमस्कार

१/
सातारा जिल्ह्यातील औंध हे गाव यमाईच्या डोंगरासाठी आणि तेथील चित्रसंग्रहालयासाठी ओळखले जाते. याच गावात सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका राजाने एक साधा आग्रह धरला. शरीराची काळजी आजारपणापुरती न ठेवता तिला रोजच्या दिवसात ठरलेली जागा द्यायची, एवढाच तो आग्रह. त्याच्या यशाची आणि मर्यादांचीही ही हकीकत. #धागा

२/
छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधिपद पुढे औंधच्या घराण्याकडे आले. संस्थान लहान होते. ७२ गावे, सुमारे ५०० चौरस मैल मुलूख, तोही औंध, आटपाडी, कुंडल असा तुटक तुटक विखुरलेला. त्यातला बराचसा भाग माणदेशाचा, म्हणजे पाऊस रुसलेला. १९०९ साली या गादीवर भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी बसले.

३/
भवानराव (१८६८–१९५१) पदवीधर होते, चित्रकार होते, कीर्तनही करीत. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कार्याला त्यांनी भांडारकर संस्थेस आर्थिक पाठबळ दिले. किर्लोस्करवाडीचा कारखाना त्यांच्याच संस्थानच्या भूमीवर उभा राहिला. मात्र संस्थानच्या घराघरांत त्यांचे नाव पोहोचले ते सूर्यनमस्कारांमुळे.

४/
त्यांचा व्यायाम सुरू झाला तो मात्र परदेशी पद्धतीने. १८९७ मध्ये त्यांनी युजेन सँडो याचे व्यायामसाहित्य आणि पुस्तके विकत घेतली. प्रशियात जन्मलेला सँडो त्या काळी जगभर गाजत होता. त्याचे पिळदार देहाचे छायाचित्र म्हणजे बलोपासनेची जाहिरातच. भवानरावांनी त्याची पद्धत सुमारे दहा वर्षे नेमाने पाळली. तेव्हा, नमस्कारांकडे ते वळले ते आळस झटकण्यासाठी नव्हे. नियमित व्यायाम त्यांच्या अंगवळणी पडलेलाच होता.

५/
१९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून त्यांनी नमस्कार घालण्यास प्रारंभ केला आणि सँडोची पद्धत मागे पडली. या बदलात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. सँडोच्या पद्धतीला साहित्य लागे आणि साहित्याला पैसा. नमस्काराला माणसाच्या उंचीएवढी जमीन पुरे. राजवाड्यात जे करता येई, तेच कुडाच्या घराच्या अंगणातही करता येई. रोज करायची गोष्ट रोज परवडलीही पाहिजे.

६/
नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. सूर्योपासनेचा भाग म्हणून ते घातले जात. समर्थ रामदासांशीही परंपरा त्यांचे नाते जोडते. भवानरावांचे कार्य वेगळे होते. त्यांनी नमस्काराला दहा स्थितींची निश्चित चौकट दिली. प्रत्येक स्थितीत हात, पाय, मान कोठे असावी, श्वास कधी घ्यावा आणि कधी सोडावा, याची शिस्त घातली. देवघरातील विधी त्यांनी शाळेत शिकवण्याजोगा केला.

७/
त्यांनी बीजमंत्र आणि सूर्याची नावे मात्र सोडली नाहीत. मंत्रोच्चारातील ध्वनिकंपनांचा शरीराला लाभ होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रद्धेच्या गोष्टीला शरीरशास्त्राच्या भाषेत मांडण्याची ही धडपड त्या पिढीत सर्वत्र दिसते. सूर्यनमस्कार ही उपासना की व्यायाम, हा आजही अधूनमधून उसळणारा वाद या दुहेरी मांडणीतच रुजलेला आहे.

८/
१९२८ मध्ये त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असे त्यांचे ठाम मत होते, आणि त्याची सुरुवात त्यांनी स्वतःच्या घरापासून केली. ज्या काळात स्त्रीने सगळ्यांचे उरकून मग स्वतःकडे पाहावे, अशी रीत होती, त्या काळात तिच्या दिवसातील काही वेळ केवळ तिच्या शरीरासाठी राखून ठेवणे ही लहान गोष्ट नव्हती.

९/
औंध संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. ग. दि. माडगूळकर आणि ना. सं. इनामदार यांचे शालेय शिक्षण काही काळ औंधात झाले. गणित, भाषा यांच्याबरोबरीने शरीर हाही अभ्यासाचा विषय आहे, असे मानणाऱ्या वातावरणात तिथली मुले वाढत होती. संस्थानची तिजोरी बेताची असल्याने खर्चाविना चालणारा हा उपक्रम तिला झेपणाराही होता.

१०/
पण येथेच दोन प्रश्न उभे राहतात. पहिला सक्तीचा. दुसऱ्याच्या हुकमाने घेतलेली स्वतःची काळजी खरोखर ‘स्वतःची’ राहते का? दुसरा प्रश्न श्रमाचा. माणदेशातील शेतकरी आणि मजूर दिवसभर वाकूनच राबत असे. त्याच्या शरीराला व्यायामाहून पोटभर अन्नाची आणि विसाव्याची निकड अधिक होती. राजाचा मार्ग स्वस्त होता हे खरे. तरी दुष्काळी मुलखातील प्रत्येक देहाची गरज तो भागवू शकत नव्हता.

११/
१९३६ मध्ये भवानराव इंग्लंडला गेले. तेव्हा त्यांचे वय होते ६८. या वयातील त्यांचा उत्साह पाहून ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या पत्रकार लुईस मॉर्गन यांनी त्यांच्या पद्धतीविषयी लिहिले. १९३८ मध्ये ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे पुस्तक तेथे प्रसिद्ध झाले. शीर्षकातील दहा म्हणजे नमस्काराच्या दहा स्थिती. चार दशकांपूर्वी युरोपीय मल्लाची पुस्तके घेणाऱ्या राजाचे पुस्तक आता युरोपात वाचले जाऊ लागले.

१२/
याच सुमारास म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात टी. कृष्णमाचार्य योगासने शिकवीत होते. तेथे सूर्यनमस्कारांचा वर्ग वेगळा भरे. म्हणजे १९३० च्या दशकात ‘योग’ आणि ‘सूर्यनमस्कार’ यांना एकच समजले जात नव्हते. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले. आज योगवर्गांत जो क्रम अतिप्राचीन म्हणून शिकवला जातो, त्याला आजचे रूप येण्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा मोठा वाटा आहे.

१३/
सक्तीच्या प्रश्नाला औंधच्या इतिहासात एक अनपेक्षित जोड मिळते. वयाच्या सत्तरीत याच राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचा निर्णय घेतला. महात्मा गांधींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन यांची प्रेरणा आणि पुत्र आप्पा पंत यांचे परिश्रम यांतून जानेवारी १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर उभारलेली राज्यघटना लागू झाली. शाळेत नमस्कारांची सक्ती करणारा राजा गावांना मात्र ‘आपला कारभार आपण पाहा’ असे सांगत होता.

१४/
मार्च १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. १९५१ मध्ये भवानराव निवर्तले. संस्थान गेले, तसा संस्थानचा हुकूमही गेला. मागे उरले ते ज्यांनी नमस्कार आपलेसे केले होते त्यांच्या अंगणात. आप्पा पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजनैतिक अधिकारी झाले. देशोदेशी वावरलेल्या या पुत्रानेही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. रथसप्तमीला महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या मैदानांवर आजही नमस्कारांच्या रांगा दिसतात.

१५/
भवानरावांचे सगळेच दावे आज जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही. त्यांचा एक अनुभव मात्र टिकाऊ आहे. स्वतःची काळजी सणासारखी वर्षातून एकदा साजरी केली तर ती विसरली जाते. दात घासण्यासारखी दिनक्रमात बसली तर टिकते. त्यासाठी ती थोडक्यात होणारी, बिनखर्चाची आणि ठरल्या वेळेची असावी लागते. सक्तीने तिची ओळख होऊ शकते. पुढे शिक्षक पाहत नसतानाही पहाटे उठून पहिला नमस्कार घालायचा की नाही, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

#इतिहास #औंध #सूर्यनमस्कार