फाईल तीच, अक्षरं परकी

चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायकांचे बचत गट आम्ही सांभाळतो. एका गटाच्या कर्जासाठी बँकेने जुने ठराव मागितले. सीडी सापडली, फाईल उघडली, तर मराठी कुठेच नाही. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. बायका म्हणाल्या, गेलं सगळं. गेलं नव्हतं. संगणकाला ओळख पटत नव्हती.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे आधी ठरावं लागतं. 1991 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे मानक काढलं. त्यात 256 जागांपैकी पहिल्या 128 इंग्रजीच्या जशाच्या तशा ठेवल्या, म्हणजे जुनं काम मोडलं नाही. आपली अक्षरं वरच्या जागांत. मराठी, कन्नड, तेलुगू ‘क’चा आकडा एकच! सोलापुरात या तिन्ही भाषा एका चाळीत नांदतात, तसंच. लिपी कुठली हे सांगायला वेगळी खूण होती.

टायपिंगच्या दुकानांत मात्र निराळंच चाललं. फॉन्ट करणाऱ्या कंपन्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच जागी आपापल्या क्रमाने मराठी आकार बसवले. तो फॉन्ट संगणकावर नसला, की मराठी मजकूर इंग्रजी होऊन समोर येतो.

युनिकोडची पहिली आवृत्तीही 1991 चीच. तिने प्रत्येक लिपीला स्वतःचे आकडे दिले. देवनागरीचा क्रम मात्र 1988 च्या इस्कीवरून घेतला. दिलेला आकडा बदलायचा नाही, हा नियम पुढे पक्का झाला. नवं अक्षर आलं तर नवी जागा; आपल्या ‘ॲ’ला ती 2008 मध्ये मिळाली. ‘तऱ्हा’तला अर्धा र लिहायच्या दोन पद्धती आहेत. नवी आली म्हणून जुनी बाद केली नाही.

आमचे ठराव ज्या दुकानात टाईप झाले, तिथल्या जुन्या संगणकावर तो फॉन्ट निघाला. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. जोडाक्षरं बिघडली होती, म्हणून दोघींनी कागदी वहीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. मग फाईल बँकेत गेली.

तेव्हा मैत्रिणींनो, ठराव युनिकोडमध्येच टाईप करून घ्या. जुन्या सीडीवर फॉन्टचं नाव लिहून ठेवा. आणि सह्यांची कागदी वही कधी रद्दीत घालू नका.