कासार आंबोली आणि पोरकी पाने : विकी संकेतस्थळांच्या साइटमॅपचा इतिहास

मुळशी तालुक्यात पिरंगुटाजवळ कासार आंबोली हे गाव आहे. नुसते ‘आंबोली’ म्हटले की वाचकाला सावंतवाडीकडील घाट आठवतो. शिवाय ही दोन पदे कोणी तोडून लिहितो, कोणी जोडून. छापील ग्रंथात ही अडचण सूचीकार निवारतो. १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरासारख्या ग्रंथाचा मजकूर एकदा गोठला म्हणजे त्याची सूचीही करून संपविता येते. विकीच्या बाबतीत तसे नाही; तेथे मजकूर कधी गोठतच नाही.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ च्या मार्चमध्ये पहिले विकी खुले केले, तेव्हापासून ह्या रचनेचा सारा भर दुव्यांवर राहिला. शोधयंत्राचे क्रॉलरही दुव्यांवरूनच फिरतात. साहजिकच ज्या पानाकडे एकही दुवा येत नाही, ते असूनही सापडत नाही. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला; त्यात अशा पानांना ‘पोरकी पाने’ म्हणतात, आणि हे नाव मोठे मार्मिक आहे. लहान गावावरील लेखांची गती बहुधा हीच होते. उलट, जुन्या आवृत्त्या व त्यांतील फरक दाखविणारे पत्ते मात्र इतके असतात की क्रॉलर त्यांतच गुंतून पडावा.

ह्यावरचा तोडगा म्हणजे साइटमॅप, अर्थात संकेतस्थळाने स्वतःच शोधयंत्राच्या हाती दिलेली पत्त्यांची यादी. गूगलने ही पद्धत जून २००५ मध्ये काढली. नोव्हेंबर २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी ती स्वीकारली. २००७ मध्ये यादीचा ठावठिकाणा ‘रोबॉट्स’ नावाच्या फायलीत नोंदविण्याची सोय झाली. एका फायलीत पन्नास हजार पत्ते आणि दहा मेगाबाइट, अशी मूळ मर्यादा होती.

ही मर्यादा इंग्रजी पत्त्यांना पुरेशी होती. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह पत्त्यात सांकेतिक रूपाने लिहिले की नऊ अक्षरे व्यापते. ‘कासार आंबोली’ ह्या नावात अशी अकरा चिन्हे आहेत; त्यांची नव्याण्णव, आणि पदांमधील जोडरेघ धरून शंभर. सर्व नावे ह्या लांबीची असती, तर तारीख व इतर खुणा जमेस धरता पन्नास हजार पत्ते होण्यापूर्वीच दहा मेगाबाइट भरले असते. २०१६ साली मर्यादा पन्नास मेगाबाइट झाली, तेव्हा ही अडचण उरली नाही.

मीडियाविकी ह्या प्रणालीत साइटमॅप तयार करणारी आज्ञावली आहे. ती प्रत्येक नामविश्वाची वेगळी फाइल करते, लेखांना १.० व चर्चापानांना ०.१ असा अग्रक्रम देते आणि शेवटी सर्व फायलींची एक सूची लिहिते. मात्र ती आपोआप चालत नाही. ठरावीक वेळी चालविण्याची व्यवस्था चालकाने न केल्यास यादी शिळी होते. अग्रक्रमाच्या आकड्यांकडे गूगल लक्ष देत नाही. बदलाची तारीख विश्वसनीय असेल तरच ती विचारात घेतली जाते, आणि नेमकी येथेच विकीची बाजू लंगडी पडते. आज्ञावली जी तारीख उचलते ती लेखाच्या संपादनाची नसून पानाला झालेल्या ‘स्पर्शा’ची असते. तालुक्यातील गावांचा एखादा सामाईक साचा कोणी बदलला, की कासार आंबोलीच्या लेखातील अक्षरही न हलता त्याची तारीख नवी होते. नवी यादी तयार झाल्याचे गूगलला कळविण्याचा जुना मार्गही २०२३ मध्ये बंद करण्यात आला.

जोडून लिहिलेल्या नावाचा प्रश्न तर ह्या यादीच्या कक्षेत येतच नाही. त्यासाठी संपादकाला पुनर्निर्देशनाचे पान हाताने करावे लागते, आणि मग तेच पान यादीतून वगळण्याची सूचना आज्ञावलीला द्यावी लागते.