खेळाच्या सर्व्हरसाठी यंत्र निवडताना : पांढुर्णा-सौंसरचा विचार

अनेक खेळाडू एकत्र खेळतात अशा खेळाचा स्वतंत्र सर्व्हर म्हणजे त्या खेळाचे जग सांभाळणारा संगणक. कोण कोठे उभा आहे, कोणाचा नेम लागला, कोणती भिंत पडली, याचा हिशेब ठेवून तो प्रत्येकाला कळवीत असतो. पडद्यावरील चित्र खेळाडूचे स्वतःचे यंत्र काढते; म्हणून सर्व्हरसाठी महागडे ग्राफिक्स कार्ड घेणे हा निव्वळ अपव्यय होय. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या या मराठीभाषक पट्ट्यात, अशा निवडीतील बहुतेक अडचणी एकत्र आढळतात.

सर्व्हर हा मुळात घड्याळाचा गुलाम असतो. माइनक्राफ्टचे जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकते, म्हणजे प्रत्येक फेरीस ५० मिलिसेकंद मिळतात. काउंटर-स्ट्राइकच्या ६४ फेऱ्यांच्या सर्व्हरला जेमतेम साडेपंधरा. हिशेब या मुदतीत पुरा झाला नाही, तर सर्वांचाच खेळ अडखळतो. माइनक्राफ्टमध्ये या कामाचा मुख्य भार प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडतो. नागपूरच्या बाजारातून आणलेला, वीस गाभ्यांचा पण संथ गतीचा जुना कार्यालयीन सर्व्हर त्यामुळे फसवा ठरू शकतो; अलीकडच्या पिढीचा चार-सहा गाभ्यांचा साधा डेस्कटॉप त्याहून सरस चालतो, वीजही कमी खातो.

आठ-दहा मित्रांच्या साध्या जगाला ८ जीबी रॅम पुरते. मोड्स जोडायचे असतील तर १६ जीबी घ्यावी. साठवणीसाठी एसएसडीच हवी. खेळाडू नव्या प्रदेशात शिरला की फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मागे पडते. ती जुनी डिस्क मात्र फेकू नये. रोजची प्रत ठेवण्यास ती उत्तम.

खरी परीक्षा जोडणीची. पांढुर्णा आणि सौंसर यांत सरळ रेषेत तीसेक किलोमीटर अंतर आहे. तरीही दोन्हीकडे वेगवेगळ्या कंपन्यांची जोडणी असली, तर माहिती अनेकदा मोठ्या शहरातील जोडबिंदूपर्यंत जाऊन परत येते. काचतंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर धावतो. मुंबई येथून सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर. जाऊन-येऊन किमान साडेसहा मिलिसेकंद, आणि प्रत्यक्ष मार्ग वळणाचा असल्याने अधिकच. दुसरी अडचण सामायिक पत्त्याची. राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल, तर बाहेरचा खेळाडू त्या पत्त्यावरून आपल्या यंत्रापर्यंत पोहोचू शकत नाही. यंत्र घेण्याआधी हे तपासावे व स्थिर पत्ता मिळतो का, हे सेवादात्यास विचारावे. अपलोडचा वेगही पाहावा : प्रत्येकी २०० किलोबिट धरले तरी वीस खेळाडूंना ४ मेगाबिट अखंड लागतात.

मग वीज. ६० वॉट घेणारे यंत्र अहोरात्र चालले, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. वीज अचानक गेली आणि त्याच क्षणी जग जतन होत असले, तर ती फाइल बिघडू शकते. म्हणून लहान यूपीएस आवश्यक, आणि राउटरही त्याच्यावरच जोडावा. घरचा इन्व्हर्टर वापरायचा असल्यास त्याची कळ यूपीएस स्थितीवर ठेवावी. अन्यथा पालटाच्या क्षणी यंत्र बंद पडण्याचा धोका असतो. मे महिन्यात या भागातील उन्हाने प्रोसेसर तापून आपणहून वेग उतरवतो; यंत्र पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, पंख्यांवरील धूळ झाडत राहावी. गोव्यात उन्हाची जागा पावसाळी दमटपणा घेतो, एवढाच फरक.

हे सारे पाहता, पुणे-बंगळूरच्या मित्रांसह रात्रंदिवस खेळायचे असेल, तर मुंबईतील भाड्याचा सर्व्हरच श्रेयस्कर वाटतो. गावातील सभागृहात दोन दिवसांची स्पर्धा भरवायची असेल, तेव्हा मात्र स्वतःच्या डेस्कटॉपला तोड नाही. एक स्विच, पुरेशा केबल आणि इंटरनेटविना चालणारा खेळ आधीच उतरवून ठेवला, की विलंब एका मिलिसेकंदाच्या आसपास राहतो आणि बाहेरची जोडणी तुटली तरी सामना थांबत नाही.